‘अस्सल पेशवाई लूक’ नावाची थाप

१/
घरसजावटीची एक लाट सध्या जोरात आहे. सदनिकेच्या बैठकीत दोन कोरीव खांब, त्यांच्यामध्ये महिरप, कोपऱ्यात पितळी समई, भिंतीवर जुनी छापील लक्ष्मी, आणि खाली मथळा: ‘अस्सल पेशवाई लूक’. माझा रोष खांबांवर नाही, समईवर तर मुळीच नाही. तो ‘अस्सल’ या शब्दावर आहे. हा धागा त्या एका शब्दाच्या उलटतपासणीसाठी.

२/
आरंभ भाषेपासूनच करू. दिवाणखाना, तसबीर, गालिचा, तक्क्या हे सारे शब्द फारसी-अरबीतून आलेले. महिरप म्हणजे मूळचा ‘मिहराब’, मशिदीतील किब्ल्याची दिशा दाखवणारा कोनाडा. ज्या घरात परके काहीच नव्हते असे सांगितले जाते, त्या घराची बैठकच फारसी बोलते.

३/
आता खांब. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जात दिसतो तो सुरूदार खांब: बुडाशी फुगीर, वर निमुळता. त्याचे नावच फारसी ‘सर्व’ वृक्षावरून आलेले. या जातीच्या स्तंभाला शाहजहानच्या दरबारी वास्तूंत प्रतिष्ठा मिळाली. मराठी सुतारांनी तो सागवानात आपलासा केला. आणि खुद्द मुघल स्तंभाचे धागे? कलेतिहासकार एबा कॉख यांनी १९८२ साली ते युरोपीय चित्रमुद्रांपर्यंत नेऊन दाखवले. म्हणजे ‘शुद्ध मराठी’ खांबाची वंशावळ आग्रा-दिल्लीमार्गे थेट युरोपात पोहोचते.

४/
मुळात ‘पेशवाई दिवाणखाना’ पाहिला कोणी? शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची, वास्तुशांत १७३२ ची. १८२८ च्या आगीत आतील लाकडी महाल जळून गेले. उरले ते तट, दरवाजे आणि दगडी जोती. आज ‘पेशवाई’ म्हणून जे विकले जाते, त्यातील पुष्कळसे दप्तरांतून किंवा अवशेषांतून आलेले नाही. ते चित्रपट-मालिकांच्या सेटवरून आले आहे.

५/
हीच गत ‘पारंपरिक कोकणी घरा’ची. त्याची ओळख म्हणून दाखवली जाणारी चपटी, लाल, खाचांची कौले मंगळुरी. तो उद्योग उभारला स्वित्झर्लंडच्या बाझेल मिशनने; मंगळूरचा कारखाना १८६५ चा. त्याआधीची हाताने घडवलेली नळीची कौले आज कोणत्या होमस्टेच्या जाहिरातीत दिसतात?

६/
आणि भिंतीवरची ती लक्ष्मी? पुण्याची चित्रशाळा चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली निघाली. त्रावणकोरच्या राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत, जर्मन यंत्रांवर आणि जर्मन तंत्रज्ञांच्या हाताने. आजीच्या देवघरातील ‘सनातन’ तसबीर ही तिच्या आजीच्या काळातील अगदी ताजी फॅशन होती!

७/
आक्षेप येईल: ‘उसनवारी सगळेच करतात. लोकांना सजवू द्या की घर!’ अवश्य सजवू द्या. उसनवारी हा दोष नव्हेच; तीच या घरांची खरी कर्तबगारी. दूरदूरचे आकार घेऊन त्यांना सागवान, चुना आणि शिसवीत मुरवणारी रसिकता हा आपला वारसा आहे. ‘अस्सल’ हा शब्द नेमका तोच वारसा पुसून टाकतो आणि त्या जागी एक कोंदट, कधीही न बदललेले घर उभे करतो. असे घर इतिहासात कधीच नव्हते.

८/
त्या शब्दाने माणसेही पुसली जातात. ‘पेशवाई’ म्हटले की आश्रयदाता उरतो. खांब कोरणारा सुतार, जोते रचणारा पाथरवट, भिंती रंगवणारा चितारी हरवतो. त्या वाड्यांतील सोवळे-ओवळे, माजघरापलीकडे न येणाऱ्या बायका, उंबरठ्याबाहेरच थांबवलेली माणसे यांतले काहीही ‘लूक’मध्ये येत नाही. वारसा सांगायचा तर पूर्ण सांगावा. नाहीतर त्याला नुसती सजावट म्हणावे.

९/
हा केवळ शब्दांचा वाद असता तर मी धागा लिहिला नसता. खरे वाडे आज पडत आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, डागडुजी परवडेनाशी झाली. १९६१ च्या पानशेत पुराने पुण्यातील नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या. पुढे जमिनीच्या भावांनी उरलेले काम केले. वाडा उतरवला की त्याचे सागवान सुटे सुटे विकले जाते. एखादा खांब दिव्याचा स्टँड होतो, एखादी चौकट आरशाला लागते. घर मरते आणि त्याचे अवयव ‘लूक’ म्हणून जगतात. वाडा वाचवायला पैसा नाही. वाड्याच्या तुकड्याला मात्र गिऱ्हाईक आहे.

१०/
म्हणून, मित्रहो, एवढेच करा. जुना खांब विकत घेण्यापूर्वी विचारा: हा कोणत्या गावचा, कोणत्या घरचा? उत्तर मिळाले तर ते लिहून ठेवा. नाही मिळाले तर आपण नक्की काय विकत घेत आहोत याचा विचार करा. तुमच्या गल्लीत एखादा वाडा अजून उभा असेल, तर मालकांची परवानगी घेऊन त्याची मापे घ्या, छायाचित्रे काढा, तिथल्या वृद्धांना बोलते करा. आणि स्वतःचे घर खुशाल मनासारखे सजवा, आपल्या पूर्वजांनी सजवले तसे: जे आवडले ते जगभरातून आणून. फक्त त्याला ‘अस्सल’ म्हणू नका. त्यांनीही म्हटले नसते.

(धागा समाप्त)