माईक सगळ्यांच्या हातात जावा

बाई म्हणाल्या, "या वेळी गोष्ट नको, कविता नको. तुझं मत लिही." म्हणून हा लेख. ज्यांना पटणार नाही त्यांच्यासाठी खाली कोरी जागा ठेवली आहे. तिथे पेन्सिलीने लिहावे. पालकांनीही लिहावे, लाजू नये.

माझे मत असे आहे की आवाज रेकॉर्ड करणे, मुलाखत घेणे, फोटो काढणे आणि बातमी लिहिणे हे हाताने करून शिकवणारे शिबिर आपल्या शाळेत दर वर्षी व्हावे. आणि त्यात वर्गातली न बोलणारी मुले आधी घ्यावीत. बोलणाऱ्यांचं काय, ती कुठेही बोलतात.

१५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला काय होते ते तुम्ही पाहताच. दर वर्षी तीच चार मुले पुढे येतात. त्या चौघांत मीही असते, म्हणून मला लिहायचा हक्क आहे. भाषण गुरुजी लिहून देतात, आम्ही पाठ करतो आणि "पूज्य गुरुजनवर्ग व माझ्या बालमित्रांनो" म्हणून एका दमात सुटतो. मधले एक वाक्य निसटले की पुढचे सगळे जाते, कारण ते वाक्य आपले नसतेच. टाळ्या मात्र पडतात. तोपर्यंत बाकीची मुले खाली मान घालून मातीत रेघोट्या ओढत बसलेली असतात. याला सभाधीटपणा म्हणतात, पण तो चौघांचाच.

गेल्या हिवाळ्यात तालुक्याहून दोन ताई आणि एक दादा तीन दिवस आले होते. त्यांच्याजवळ एक रेकॉर्डर, लांब वायरचा एक माईक, कानाला लावायचे हेडफोन आणि दोन मोबाईल, एवढेच सामान. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपले नाव आणि सकाळी काय खाल्ले ते सांगायचे होते. मग ते सगळ्यांना ऐकवले. जो तो ओरडायला लागला, "हा माझा आवाज नाहीच!" ताईंनी कारण सांगितले. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानात येतो, तसाच तो डोक्याच्या हाडांतूनही येतो. म्हणून आपल्याला तो भरदार वाटतो. रेकॉर्डरमध्ये फक्त हवेतला आवाज जातो, म्हणून तो पातळ लागतो. प्रत्येकाला आपलाच आवाज विचित्र वाटतो म्हटल्यावर कोणी कोणाला हसायचे? त्यानंतर हसणे बंद झाले.

आमच्या वर्गात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची एक मुलगी आहे. हजेरीला "हजर" म्हणते, तेवढाच तिचा आवाज. तिला हेडफोनचे काम दिले. वारा माईकवर आदळला, कोणाची चप्पल वाजली, मोटार सुरू झाली की हात वर करून "थांबा" म्हणायचे. पहिला दिवस ती एवढेच म्हणत होती. पण तिने थांबा म्हटले की ताई थांबायच्या, गुरुजी थांबायचे. सरपंच बोलत असताना ट्रॅक्टर गेला तेव्हा तिने हात वर केला, आणि सरपंचही थांबले! आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या आजीला बोलते केले. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. "हाताला घट्टे पडलं, पर चूल पेटली," असं आजी सांगते. मिलोची लाल भाकरी, वाटपाची सुकडी, सगळं तिच्या बोलण्यात आलं आहे. आपल्या पुस्तकात त्या दुष्काळावर दोन-चार ओळी असतील नसतील. इथे अकरा मिनिटे आहेत, आणि ती आपल्या गावची आहेत.

तिसऱ्या दिवशी सरपंचांना प्रश्न विचारायचे होते. दादाने आधी सांगून ठेवले होते की ज्याचे उत्तर हो किंवा नाही येते तो प्रश्न कच्चा. कधी, कुठे, किती, कसे, असे विचारा. ती म्हणाली, "पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आमच्या वस्तीची पोरं शाळेत येऊ शकत नाहीत. साकव कधी होणार?" सरपंच म्हणाले, प्रस्ताव पाठवला आहे. तिने विचारले, "कोणत्या महिन्यात पाठवला?" साकव अजून झालेला नाही, हे खरे आहे. पण महिना कोणता, ते आता सगळ्या वस्तीला ठाऊक आहे.

काहींना वाटते हे शहरातल्या शाळांचे खूळ आहे. तसे नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक प्राथमिक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे वर्गात फार वेळ बोलता येत नसे. त्यांनी १९२४ साली बार-सूर-लू या खेडेगावच्या शाळेत छोटा छापखाना आणला. मुले आपल्या मनाने लिहायची, कोणाचे छापायचे ते मिळून ठरवायची आणि उलटे खिळे जुळवून स्वतः छापायची. छापलेले कागद दूरच्या दुसऱ्या शाळेला टपालाने जायचे आणि तिकडचे इकडे यायचे. मला वाटते, आपले लिहिणे अनोळखी मुले वाचणार म्हटल्यावर शुद्धलेखनसुद्धा आपोआप सुधारत असेल!

आपल्याकडचे उदाहरण तर त्याहून जुने आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. आपल्या समाजाचे दुःख तिने स्वतःच्या शब्दांत लिहिले होते. ते कोणी लिहून दिले असते, तर आज आपण तिचे नाव घेतले असते का?

आणि पुणे आकाशवाणीने १९५६ साली पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे चालवली होती. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, मग त्यावर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. म्हणजे खेड्यातल्या माणसाने नुसते ऐकायचे नाही, बोलायचेही, हे तेव्हाच सुरू झाले होते.

शिबिरातली एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. शेवटी पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर काढले. नंबर परत त्याच चौघांत गेले, एक मलाही मिळाला. पुढच्या वेळी नंबर काढू नयेत.

आता पालकांशी थोडे बोलते. पुढच्या महिन्यात दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास असे चार वेळा शिबिर होणार आहे. त्यासाठी घरी संमतीची चिठ्ठी पाठवली होती. सातवीतल्या मुलांच्या सगळ्या चिठ्ठ्या सहीनिशी परत आल्या. मुली आम्ही नऊ, आणि चिठ्ठ्या आल्या पाच. कोणाच्या राहिल्या ते मी लिहीत नाही. ज्याच्या त्याला माहीत आहे.

"मोबाईलनं पोरं बिघडतात," असं पारावर ऐकू येतं. घरी तासन्‌तास व्हिडिओ बघत बसण्याबद्दल हे बोलणे असेल तर ते मलाही पटते. पण इथले मोबाईल शिबिराचे आहेत. ते काम झाले की कपाटात जातात आणि किल्ली बाईंजवळ असते. मुलींचे फोटो बाहेर जातील ही भीती खोटी नाही. म्हणून विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही, आणि काढलेला शाळेबाहेर पाठवायचा नाही, असा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला होता. तो अजून पुसलेला नाही. घरी यायला उशीर होतो म्हणाल, तर वस्तीच्या मुलींना ओढ्यापर्यंत सोडायला गुरुजी तयार आहेत. मी विचारून घेतले आहे. अभ्यास बुडेल असेही कोणी म्हणतात. पण अकरा मिनिटांचे बोलणे ऐकून कागदावर उतरवायला आम्हाला दोन दिवस लागले होते. इतके शुद्धलेखन मी वर्षभरात केले नव्हते.

आण्णा, काका, मामा, तुम्ही शाळेत आलाच आहात, तर ऑफिसमध्ये जाऊन हेडफोन मागा आणि आजीची अकरा मिनिटे ऐका. मग सही करायची की नाही ते ठरवा. चिठ्ठ्या शुक्रवारपर्यंत बाईंजवळ द्यायच्या आहेत. कोऱ्या चिठ्ठ्या या फळ्याच्या उजव्या बाजूला खिळ्याला लावल्या आहेत.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी