अंबर: इकडे बेड्या, तिकडे अत्तर

सांगलीला समुद्र नाही, साताऱ्यालाही नाही. तरी २०२३ मध्ये सांगली पोलिसांनी कोट्यवधींची ‘व्हेलची उलटी’ पकडली आणि आमच्या स्टाफरूमला थट्टेचा विषय मिळाला. मला हसू आलं नाही. ही उलटी म्हणजे आपलाच अंबर. अत्तरातला, खमीरा गावजबान अंबरीतला, उर्दू शायरीत जुल्फांना चिकटलेला. तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो.

आपल्या वन्यजीव कायद्याने तो बाळगणं गुन्हा, सात वर्षांपर्यंत तुरुंग. मान्य. पण वन्यप्राण्यांच्या व्यापारावरचा साइट्स करार या व्हेलला सर्वांत कडक यादीत ठेवतो आणि अंबरला मात्र प्राण्याने टाकलेली घाण म्हणून सोडून देतो! फ्रान्समध्ये तो उघड विकता येतो. किनाऱ्यावर सापडला की पोट फाडून काढला, हे बाटलीकडे बघून कोण सांगणार?

मूळ करार तर त्याहून पोकळ. १९४६ चा व्हेल करार शिकारीचा धंदा शिस्तीत चालावा म्हणून झाला. त्याचं आठवं कलम ‘संशोधना’साठी प्रत्येक देशाला स्वतःच परवाना देऊ देतं. म्हणजे विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासायचा. जपानने तेच केलं, २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात हरला आणि २०१९ मध्ये आयोग सोडून उघड शिकारीला लागला.

भारत आयोगाचा सदस्य आहे. आठवं कलम काढा, साइट्समध्ये अंबर घाला, हे त्याने मागितलंच पाहिजे.

आणि उमऱ्याहून अंबरची शिशी आणणाऱ्यांनो, दुकानदाराला विचारा, हा कुठला? कृत्रिम म्हणाला तर खुशाल घ्या.