मामीचा कारखाना

आमच्या रोह्याच्या मामीने शिवणकाम सुरू करायचं ठरवलंय. घरीच. मापं घेऊन ब्लाउज, ड्रेस, छोट्या मुलींची परकर-पोलकी. मामाची धाटाव एमआयडीसीतली नोकरी गेली, त्यामुळे हौस वगैरे भानगड नाही, घर चालवायचंय. नातेवाईकांचं मात्र एकच पालुपद, "बरं झालं, घरबसल्या चार पैसे मिळतील."

मला ह्या 'घरबसल्या' शब्दाचाच राग येतो.

मी पेणचा. आमच्याकडे गणपती घराघरांत घडतात. पेण शहरात जा नाहीतर हमरापूर-जोह्याला, पडवीत, ओटीवर, मागच्या शेडमध्ये मूर्ती वाळत असतात. पण त्याला कुणी 'घरबसल्या मूर्ती' म्हणत नाही. म्हणतात 'कारखाना'. बरीचशी माणसं घरचीच, जागाही घरचीच, तरी कारखाना! कारण तिथे हिशोब असतो. माती, प्लास्टर, रंग, मजुरी सगळं किमतीत धरलेलं असतं. डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच जाते. आणि चतुर्थी काही कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे "उद्या या" चालत नाही.

आता शिवणाचं बघा. धरून चालू की अस्तराच्या ब्लाउजची शिलाई २५० रुपये. अस्तर, दोरा, हुक, वीज मिळून ७० गेले. उरले १८०. कापणं, शिवणं, हातशिलाई आणि नंतरचं "जरा काखेत सैल कर ना गं" धरून चार तास. म्हणजे तासाला ४५ रुपये. त्यात शेजारणीच्या साडीला फॉल फुकट, कारण "घरीच तर असतेस!"

आमच्या धंद्यात क्लायंटने मध्येच काही बदल सुचवला की त्याचा वेगळा एस्टिमेट जातो. मामीने तसंच का करू नये? गळा आधी गोल सांगितला आणि कापड कापल्यावर चौकोनी हवा झाला, तर पैसे वेगळे. मापं वहीत, तारखेसकट. नमुन्याचा ब्लाउज आणला असेल तर तोही घालून बघायला लावायचा, कारण तो दोन वर्षांपूर्वीचा असतो :) अर्धे पैसे आधी. आणि गौरी-गणपती किंवा लग्नसराईत आठवड्याला जेवढे ब्लाउज खरंच होतात, तेवढेच घ्यायचे. नातेवाइकांना सूट द्यायची तर द्या, पण वहीत लिहून. म्हणजे आपण किती दिलं ते कळतं.

मशीनसाठी पैसे उभे करता येतात. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपीकामही आहे. त्यात अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज अशी तरतूद केली गेली. पण मामीचा दर काही कुठली योजना ठरवून देणार नाही. तो तिलाच ठरवावा लागेल, आणि मोठ्याने सांगावा लागेल. मला वाटतं, सगळ्यात अवघड काम तेच आहे. बाही बसवणं त्यापुढे काहीच नाही.

लोक म्हणतील, दर वाढवला तर गिऱ्हाईक दुकानात जाईल. काही जातील, जाऊ देत. तासाला ४५ रुपयांवर दहा गिऱ्हाइकं सांभाळण्यापेक्षा ९० वर पाच बरी. पैसे तेवढेच, आणि पाठ तरी शाबूत राहील.

असो. तुमच्याही ओळखीत अशी एखादी मामी, काकू असेलच. पुढच्या वेळी कापड घेऊन जाल तेव्हा "घरचंच आहे, कमी कर" एवढं म्हणू नका. बाकी ती बघून घेईल.