तीन तास तिचे

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हिशेबाची वही मिटली, चहा आला आणि बोलणं नेहमीप्रमाणे मुलांच्या शिक्षणावर आलं. एकीचा मुलगा लातूरला राहून दुसऱ्यांदा ‘नीट’ची तयारी करतोय. त्याच्या क्लाससाठी तिने गटातून कर्ज काढलं, उरलेल्या पैशांसाठी पाटल्या गहाण टाकल्या. मी सहज विचारलं, ‘‘आणि धाकटी? तीही यंदा बारावी सायन्सला आहे ना?’’

‘‘हो की. ती काय, घरीच करते अभ्यास. हुशार आहे, शिवाय माझ्या हाताखाली मदतही होते.’’

कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगते, क्षणभर मलाही नाही. पण घरी येईपर्यंत ते वाक्य मनात कुसळासारखं टोचत राहिलं. कारण हेच मी माझ्या घरात करून बसले होते.

माझी लेक सीईटीला बसणार होती तेव्हाची गोष्ट. दर रविवारी सकाळी ती घड्याळ लावून सराव पेपर सोडवायची. एका रविवारी तिने पेपर अर्ध्यातच मिटला. मी रागावले. ती काही बोलली नाही, वहीचं शेवटचं पान तेवढं पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं : ‘१०.२० दार. १०.४५ चहा. ११.१० कुकर. ११.२५ मामाचा फोन. ११.४० कोथिंबीर.’ पावणेदोन तासांत ती पाच वेळा उठली होती. पाचही वेळा हाक माझीच होती. तिचा भाऊ शेजारच्या खोलीतच होता. त्याला एकदाही हाक गेली नव्हती!

मैत्रिणींनो, आपल्या वेळच्या परीक्षा वेगळ्या होत्या. निबंध लिहायचा, पुरवण्या जोडायच्या. आता गणित मिनिटांचं आहे. इंजिनीअरिंगच्या सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न. ‘नीट’मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न. तिथे बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलं तर एक कापला जातो. दोन्ही परीक्षा तीन तासांच्याच. प्रश्न येतो का, एवढंच तिथे बघत नाहीत. तीन तास मन एका जागी राहतं का, तेही बघतात. आणि ही सवय पुस्तक वाचून लागत नाही. बैठक मारूनच लागते. दर वीस मिनिटांनी उठणाऱ्या मुलीला ती कशी लागणार? मग निकालाच्या दिवशी आपणच म्हणतो, ‘‘अभ्यास करत होती हो, पण काय झालं कोण जाणे!’’

काही जणी म्हणतात, ‘‘क्लास लावायला पैसे नाहीत, मग परीक्षेला बसवून उपयोग काय?’’ क्लासचा फायदा होतो, नाही असं नाही. पण राज्याच्या सीईटीचा अभ्यासक्रम आपल्या बोर्डाच्या पुस्तकांतलाच आहे. भर बारावीवर, सुमारे ८० टक्के. उरलेला भाग अकरावीचा. चुकलेल्या उत्तराचे गुण तिथे कापत नाहीत. पाठ्यपुस्तक, जुन्या प्रश्नपत्रिका आणि सलग वेळ यांवर बरीच मजल मारता येते. पहिल्या दोन गोष्टी थोडक्या पैशांत मिळतात. तिसरी फक्त घरच देऊ शकतं.

‘‘आणि पुढची फी?’’ हा प्रश्न मुलीच्याच बाबतीत आधी निघतो. म्हणून हे नीट लक्षात ठेवा. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. हॉस्टेल आणि मेसचा खर्च यात येत नाही, तो धरून ठेवावा लागतो. पण दार उघडं आहे. त्या दारापर्यंत जायची वाट मात्र सीईटीवरून जाते.

आपल्याला फिजिक्स येत नाही, कबूल. मी स्वतः बी.ए. झालेली. पण तहसील कचेरीच्या पायऱ्या तर चढता येतात! उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र, यांतलं आपल्याला जे लागू आहे ते अकरावीतच हाती घ्या. जात वैधतेला महिनोन् महिने जातात. गुण असूनही कागदापायी जागा हुकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मुलीने गणितं सोडवावीत, रांगेत आपण उभं राहावं.

त्या बैठकीनंतर आम्ही एक साधं काम केलं. आमच्या गल्लीतल्या समाजमंदिराची किल्ली मागून घेतली. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा, बारावीच्या मुली तिथे पेपर सोडवतात. मोबाइल एका डब्यात. दाराशी गटातली एक जण आळीपाळीने बसते. शिकवत कुणीच नाही. फक्त कुणी हाक मारणार नाही, एवढं बघायचं. पहिल्या रविवारी सात जणी होत्या. आता अकरा आहेत. पाटलीवालीची धाकटीही येते. परवा तिची आई मला म्हणाली, ‘‘रविवारचा स्वयंपाक उशिरा होतो हो आता.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘होऊ दे!’’

समाजमंदिर नसेल तर शाळेचा वर्ग मागा, शेजारणीची रिकामी खोली मागा. तेही नसेल तर घरातलं एक दार तीन तास लावून घ्या. येत्या रविवारी कुकर तुम्ही उतरवा, कोथिंबीर मुलाला आणायला सांगा. आणि ओठावर हाक आली, की आधी घड्याळाकडे बघा.