तासांची रोजकीर्द

रात्री गल्ला मोजल्यावाचून व्यापारी घरात कोणी झोपत नाही. परंतु त्याच घरातील मुलगी सी.ए. इंटरमिजिएटची तयारी करीत असताना तिच्या हाती नेमके किती तास आहेत, हे क्वचितच मोजले जाते. ‘दिवसभर पुस्तक पुढ्यात असते’ एवढ्यावर पालक समाधान मानतात. निकाल लागल्यावर मात्र उणीव बुद्धीची नव्हती, नियोजनाची होती, हे उशिरा ध्यानी येते.

या परीक्षेचे गणित प्रथम समजून घ्यावे. पहिल्या गटात प्रगत लेखाशास्त्र, कंपनी व इतर कायदे आणि कर हे तीन विषय असतात. प्रत्येकी १०० गुण. एकाच गटाला बसणाऱ्याने प्रत्येक विषयात किमान ४० आणि एकूण किमान १५० गुण मिळवावयाचे असतात. समजा, लेखाशास्त्रात ६२, करात ५८ आणि कायद्यात ३८ मिळाले. बेरीज १५८ होते, तरीही गट राहतो. दुसऱ्याला ४८, ४६ आणि ४४ मिळाले, तर तिन्ही विषयांत तरूनही तो १३८ वर अडतो. व्यापारी घरातील मुलांना हिशेबाची गोडी उपजत असते. म्हणून कायद्याचा विषय शेवटावर ढकलण्याचा मोह त्यांनीच अधिक आवरावा.

आता तास मोजू. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा होते. दोन परीक्षांत सुमारे सोळा आठवडे मिळतात. महाविद्यालय व क्लास सांभाळून सहा दिवस रोज तीन तास आणि रविवारी सात तास धरल्यास आठवड्याचे २५, म्हणजे एकूण ४०० तास होतात. त्यातून लग्नकार्य, सणवार आणि आजारपण यांसाठी दोन आठवड्यांचे ५० तास आधीच वजा करावेत. अखेरच्या चार आठवड्यांचे १०० तास उजळणी आणि घड्याळ लावून सोडवावयाच्या सराव प्रश्नपत्रिकांसाठी राखून ठेवावेत. पहिल्या वाचनासाठी उरतात २५० तास: लेखाशास्त्राला ८०, कायद्याला ८० आणि कराला ९०. कराच्या पत्रिकेत प्राप्तिकर आणि वस्तू व सेवा कर हे दोन्ही निम्मे निम्मे असल्याने तेथे थोडे झुकते माप योग्य ठरते. करकायदा बदलत राहतो. म्हणून थोरल्या भावाचे जुने पुस्तक न वापरता त्या परीक्षेला लागू असलेलेच साहित्य घ्यावे.

‘चार महिन्यांनी पुन्हा बसता येईल’ हा दिलासा फसवा आहे. नव्या योजनेत दोन्ही गट उत्तीर्ण झाल्याखेरीज आर्टिकलशिप सुरू होत नाही. एक प्रयत्न हुकला की पुढील सारे वेळापत्रक सरकते.

दर रविवारी ठरलेले तास आणि प्रत्यक्ष झालेले तास वहीत समोरासमोर लिहावेत. तूट दिसल्यास ती पुढच्या दोन आठवड्यांत थोडी थोडी भरून काढावी. उजळणीचे १०० तास मात्र मोडू नयेत. घरच्यांचेही यात कर्तव्य आहे. सायंकाळी दुकानात माणूस कमी पडला, की अभ्यासाला बसलेल्या मुलीलाच हाक जाते. ‘तासाभराचेच काम’ रोज निघाले, तर सोळा आठवड्यांत शंभराहून अधिक तास जातात. म्हणजे उजळणीची सारी शिल्लकच संपते. तेवढे सोळा आठवडे गल्ल्यावर दुसरे कोणी बसावे.