दुखणे जनावराचे, मरण गिधाडाचे

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या कोणत्याही गावात साठी ओलांडलेल्या माणसाला विचारावे. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या बैलावर गिधाडांची झुंबड उडायची आणि बघता बघता सांगाडा तेवढा उरायचा, हे तो सांगेल. त्याच्या नातवाने मात्र गिधाड बहुधा पुस्तकातच पाहिलेले असते. कडे तेच आहेत, गुरेही आहेत. मग पक्षी गेले कुठे?

उत्तर औषधाच्या बाटलीत सापडले. डायक्लोफेनॅक हे माणसांच्या सांधेदुखीवरचे नेहमीचे वेदनाशामक. ते गुरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, रक्तात यूरिक ॲसिड साठते आणि काही दिवसांत ते मरते. हे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून पुढे आले. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारात जेमतेम एक उरली. लांब चोचीची शंभरात तीनच्या आसपास.

इतक्या संहाराला विषारी मढी फार लागली नाहीत. शंभरात एकाहून कमी मढ्यांत हे औषध असले, तरी एवढी घट होऊ शकते, असे गणित सांगते. कारण एका मढ्यावर अनेक गिधाडे उतरतात. शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. मरण घाऊक आणि जन्म किरकोळ, असा हा हिशेब आहे.

याची किंमत माणसानेही मोजली. मढी कुजत पडली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्यासोबत रेबीजचा धोकाही. २००० ते २००५ या काळात गिधाडांअभावी देशात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. म्हणजे गिधाड हा सार्वजनिक आरोग्याचा बिनपगारी कामगार होता.

कायदे झाले. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचू लागल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती मर्यादित झाली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांचाही जनावरांसाठीचा वापर थांबवण्यात आला. पण कायद्याला उशीर झाला की काय होते, हे टास्मानियाने दाखवले आहे. कांगारूसारखे पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या तिथल्या थायलासिनला जुलै १९३६ मध्ये संरक्षण मिळाले आणि ५९ दिवसांनी शेवटचे ज्ञात जनावर प्राणिसंग्रहालयात मेले.

आपल्याकडे अजून वेळ गेलेली नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. तिथे म्हसळा तालुक्यातील चिरगावला गावकऱ्यांच्या साथीने गिधाडांची वसाहत जपली गेली आहे. अन्नाच्या शोधात गिधाडे दूरवर भटकतात. त्यांना तालुक्याची हद्द ठाऊक नसते. म्हणून घाटमाथ्यावरच्या एका गोठ्यातली चूकही महागात पडू शकते.

उपाय अवघड नाही. गुरांसाठी मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनामिक ॲसिड ही गिधाडांना सुरक्षित औषधे आहेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत ती बारमाही मिळाली पाहिजेत. औषध दुकानदाराने माणसांचे इंजेक्शन गोठ्यासाठी देऊ नये, आणि पशुपालकाने टोचण्यापूर्वी औषधाचे नाव विचारावे. औषध घेऊन मेलेले जनावर उघड्यावर न टाकता पुरावे. गिधाडे परत येतील की नाही, हे जंगलाइतकेच गोठ्यातही ठरणार आहे.