निदानाचा विलंब हाच खरा रोग

स्तनातील कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. आणि जे दुखत नाही त्यासाठी दवाखान्याची पायरी चढण्याची रीत आपल्या खेड्यांत नाही. त्यातून अवयव असा, की घरातही त्याविषयी बोलण्याचा संकोच वाटावा. रावेर-यावलच्या केळीबागांत किंवा धुळे जिल्ह्यातील कापसाच्या शेतांत रोजाने जाणाऱ्या स्त्रीला तपासणी म्हणजे बुडालेला रोजच वाटतो. वेचणी उरकू दे, असे म्हणता म्हणता रोग काखेतील ग्रंथींपर्यंत पोचतो.

उपचारांची सोयच नाही, असे आता म्हणता येणार नाही. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. २०१३ मध्ये ती जळगावसह राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. धुळ्यास पूर्वीपासूनच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावलाही ते २०१८ मध्ये आले. परंतु कर्करोगाच्या उपचारांसाठी योजनेचे दार उघडते ते निदान सिद्ध झाल्यावर. त्या दारापर्यंतची वाट कोणी सोपी करायची, हा खरा प्रश्न होय.

स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवायचे कसे? डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईने काढलेल्या नमुन्याची सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षा, या तिन्हींचा मेळ बसला म्हणजे निदान पक्के होते. नुसते चाचपून 'काही नाही' म्हणणे जितके धोक्याचे, तितकेच नमुना न तपासता शस्त्र चालविणेही अयोग्य.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून तेथील झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र असा लाभ आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरीही महागड्या यंत्रावाचून बरेच साधते, एवढे यातून निर्विवाद सिद्ध झाले.

केंद्र शासनाने तिशीपुढील स्त्रियांच्या तपासणीचे धोरण २०१६ मध्येच आखले. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयोगटातील शंभर स्त्रियांत एकीचीही अशी तपासणी झालेली आढळली नाही. धोरण कागदावर राहिले, याहून वेगळा अर्थ काय काढावा?

खानदेशापुरते करावयाचे थोडेच आहे. उपकेंद्रातील सेविकेने तपासावे. गाठ आढळलेल्या स्त्रीला दोन्ही महाविद्यालयांत आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी तिन्ही तपासण्या एकाच खेपेत मिळाव्यात. आणि अहवालासाठी तिला पुन्हा रोज बुडवावा लागू नये. योजनेचा पैसा उशिरा आलेल्या रोगावर खर्चण्यापेक्षा रोगाला वेळेवर गाठणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?